शुगर-फ्री सिरप, मॅनिटॉलची बाटली, ग्लिसरॉल: कोणाला सोसत नाहीत?

गुळपोळी

आरोग्य विभागात शोधलं, या विषयावर धागा दिसला नाही म्हणून काढतेय.

सासरे ७८ वर्षांचे. पक्षाघातानंतर घरीच आहेत, नाकातून नळी आहे, मधुमेह जुनाच. मध्यंतरी त्यांना जुलाब लागले ते थांबेचनात. सगळ्यांचा संशय नळीतून जाणाऱ्या फीडवर. आधी दूध बंद केलं, मग डब्यातली पावडर बदलली, मग नाचणीची पेज. शी तपासून आणली, त्यात काही नाही. शेवटी घरी येणाऱ्या डॉक्टरबाईंनी घरातल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला लावल्या. फिटचं सिरप, तापाचं, खोकल्याचं, भुकेचं. बहुतेकांवर बारीक अक्षरात 'सॉर्बिटॉल बेस' किंवा 'शुगर-फ्री'. त्या म्हणाल्या, "अहो, हे प्रत्येक वेळी थोडंथोडं जुलाबाचं औषधच जातंय पोटात." फिटची आणि तापाची गोळी कुटून द्यायला लागलो, बाकीची दोन बंद केली, आणि पोट जागेवर आलं.

त्यानंतर वाचत गेले तर सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल, ग्लिसरॉल ही सगळी एकाच गोतावळ्यातली निघाली. साखरेसारखी गोड, पण साखर नाही, आणि दारूशीही काही संबंध नाही. यातलं मॅनिटॉल तर सासऱ्यांना आयसीयूत शिरेतून दिलं होतं. कोणत्या आजारात यांच्यापासून जपून राहायचं, हे इथल्या जाणकारांनी आणि अनुभव घेतलेल्यांनी लिहावं.

फार्मसीवाला

दुकानात बसून लिहितोय, मध्येच गिऱ्हाईक आलं तर सांभाळून घ्या.

सिरपमध्ये सॉर्बिटॉल घालण्यामागे गोडीइतकंच आणखी एक कारण आहे. साखरेच्या सिरपचं झाकण काही दिवसांनी आट्यांमध्ये साखर साचून घट्ट बसतं, ते सॉर्बिटॉलमुळे होत नाही. म्हणून शुगर-फ्री नसलेल्या बाटलीतही ते असू शकतं. आपल्याकडे बऱ्याच लेबलांवर 'फ्लेवर्ड सिरपी बेस' एवढंच छापतात, किती ग्रॅम ते लिहीत नाहीत. त्यामुळे बेरीज करता येत नाही ही खरी अडचण.

ढोबळ अंदाज असा की निरोगी मोठ्या माणसालाही एका वेळी १० ग्रॅम सॉर्बिटॉलने गॅस आणि पोटफुगी होऊ शकते, २० ग्रॅमला कळा येऊन जुलाब. एका चमच्यात एवढं नसतं. पण चार औषधं, प्रत्येक तीनदा, असं झालं की कुठल्या कुठे जातं. तोंडात विरघळणाऱ्या आणि चघळायच्या गोळ्यांत मॅनिटॉल असतं, ते फार कमी, त्याने सहसा काही होत नाही.

आणि गुळपोळीताई, गोळ्या कुटताना एक बघा. नावापुढे एस.आर., एक्स.आर., सी.आर. (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल किंवा गोळीवर आतड्यात विरघळणारं आवरण असेल तर ती कुटायची नाही. हळूहळू सुटणारी कुटली तर दिवसभराचं औषध एकदम उतरतं.

खवट

झालं. आता सिरपपण विष. माझे वडील मधुमेही, दहा वर्षं शुगर-फ्री खोकल्याचं औषध पितात, ठणठणीत आहेत. नळीवरच्या पेशंटला जुलाब व्हायला शंभर कारणं असतात.

नेफ्रॉन

खवट, शंभर कारणं असतात हे बरोबरच. अँटिबायोटिकनंतर होणारा आतड्याचा जंतुसंसर्ग आधी वगळायला हवा, नुसत्या सिरपवर ढकलून चालत नाही. पण नळीवरच्या रुग्णात पातळ औषधांमधलं सॉर्बिटॉल हे नेहमी नजरेतून सुटणारं कारण आहे, आणि फीडला उगाच शिव्या बसतात. तुमच्या वडिलांना एक चमचा चालतो म्हणून हृदयविकाराच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ऐंशीच्या आजींना चार चमचे चालतील असं नाही. त्यांना जुलाब लागले की पोटॅशियम खाली येतं, आणि सोबत हृदयाचं डिगॉक्सिन चालू असेल तर ठोके बिघडतात. मुद्दा औषधापेक्षा ते कोणाच्या पोटात जातंय याचा आहे.

आता मॅनिटॉल, कारण खरी जोखीम तिथे आहे.

२०% मॅनिटॉल म्हणजे १०० मिलीत २० ग्रॅम. शिरेतून गेल्यावर ते पेशींच्या आत शिरत नाही, रक्तातच राहतं आणि आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. मेंदूची सूज उतरते ती यामुळे. पुढे मूत्रपिंडातून ते गाळलं जातं, जवळजवळ काहीच परत शोषलं जात नाही, आणि जाताना पाणी घेऊन जातं. म्हणजे सगळा खेळ दोन गोष्टींवर: ओढलेलं पाणी काही काळ पेलणारं हृदय आणि ते बाहेर टाकणारं मूत्रपिंड.

मूत्रपिंड बंद पडलेलं असेल, लघवीच होत नसेल, तर मॅनिटॉल आत अडकून बसतं. रक्तातलं पाणी वाढतं, सोडियम पातळ होऊन घसरतं, फुप्फुसात पाणी भरतं. अशा वेळी मूत्रपिंड सुरू करायला म्हणून मॅनिटॉल ओतणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत आणखी बादली ओतणं. हृदय कमजोर असेल तर मूत्रपिंड बरं असूनही पहिल्या तासाभरात दम लागू शकतो, कारण पाणी आधी रक्तात येतं, लघवीत नंतर जातं. ज्याच्या अंगातलं पाणी आधीच आटलंय, उलट्या-जुलाब झालेत किंवा रक्त गेलंय, त्याचं उरलंसुरलं पाणीही हे काढून घेतं आणि बीपी कोसळतं. मेंदूत रक्तस्राव चालू असेल तर औषधाच्या माहितीपत्रकात ते निषिद्ध म्हणूनच लिहिलेलं असतं, कवटी उघडून शस्त्रक्रिया चालू असेल तेवढाच अपवाद. सूज उतरली की रक्तवाहिनीवरचा दाबही उतरतो आणि स्राव वाढू शकतो, ही भीती.

आधीच मूत्रपिंडाला त्रास देणारी औषधं चालू असतील, म्हणजे अमिकासिन, जेंटामायसिन ही अँटिबायोटिक्स, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन, तर मॅनिटॉलने चांगलं मूत्रपिंडही बिघडू शकतं. म्हणून रक्ताची ऑस्मोलॅलिटी (रक्तात विरघळलेल्या कणांचं प्रमाण) बघत राहतात आणि साधारण ३२० च्या वर जाऊ देत नाहीत. सोडियम आधी खाली, मग खूप लघवी झाली की वर, असं दोन्हीकडे झुलतं.

जाता जाता, प्रत्येक पक्षाघाताला मॅनिटॉल लागतंच असं नाही. आपल्याकडे 'सूज उतरवायची बाटली' लावली की नातेवाइकांना काहीतरी केल्यासारखं वाटतं, आणि कधीकधी डॉक्टरलाही.

रात्रपाळी

नेफ्रॉन, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

मी आयसीयूत सिस्टर आहे. आमच्या बाजूने थोडं. थंडीत मॅनिटॉलच्या बाटलीत खडे धरतात, बाटली उजेडासमोर तिरकी केली की तळाशी सुया चमकतात. गरम पाण्यात ठेवून, हलवून ते पूर्ण विरघळवायचे, मग अंगाच्या तापमानाला येऊ द्यायची, आणि फिल्टर असलेल्या सेटनेच लावायची. खडे दिसत असतील तर ती बाटली लावायचीच नाही, वरून कितीही घाई असली तरी. शिरेबाहेर गेलं तर हात टम्म सुजतो, कातडी काळी पडू शकते.

नातेवाइकांना एकच सांगते. मॅनिटॉल चालू असताना आम्ही लघवीच्या पिशवीकडे वारंवार बघतो आणि कागदावर लिहितो, त्यावर "सिस्टर नुसत्या लिहीत बसतात" म्हणू नका. दोन तास पिशवी भरली नाही तर पुढची बाटली लावायच्या आधी डॉक्टरला उठवावं लागतं. पेशंटला आधी हृदयाचा त्रास होता, डायलिसिस झालं होतं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) वाढलेलं असायचं, हे भरती करतानाच सांगा. जुनी फाइल घरी राहिली की अर्धी माहिती घरी राहते.

टेकडीवरचा

वाचनखूण साठवली.

हॅम्बुर्गकर

सॉर्बिटॉलचा एक आजार असा आहे की तिथे थोडं-जास्त असं काही नसतंच, तो अजून कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. आमच्या मुलाला आहे. हेरेडिटरी फ्रुक्टोज इनटॉलरन्स. यकृतातलं अल्डोलेज बी नावाचं एन्झाइम जन्मतः काम करत नाही. फळांतली साखर, नेहमीची साखर आणि सॉर्बिटॉल या तिन्हींची वाट तिथूनच जाते, कारण सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोज होतं. ते पुढे न जाता अर्धवट अडकतं, यकृत स्वतःकडची साखर सोडू शकत नाही, रक्तातली साखर धाडकन खाली येते, आणि हे चालू राहिलं तर यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही जातात.

अंगावर पितं तोवर बाळ छान असतं. वरचं अन्न सुरू झालं, फळाचा गर दिला, की उलट्या, घाम, मलूलपणा. आपल्याकडे मध चाटवतात, गूळपाणी देतात, तिथेही हेच होऊ शकतं. पुढे ही मुलं गोडाला आपणहून तोंड फिरवतात. आमच्याच्या दातांना एक कीड नाही, डेंटिस्ट कौतुक करते, आम्हाला कारण माहीत आहे.

तोंडातून सॉर्बिटॉल गेलं तर तो ओकून टाकतो. शिरेतून गेलं तर ओकायचा मार्गच नाही. इथे जर्मनीत पूर्वी फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉलच्या सलाइनी सर्रास लावत, आणि निदान न झालेले असे काही रुग्ण साध्या ऑपरेशननंतर त्यातच दगावले. आता युरोपच्या औषध नियामकाच्या २०१७ च्या सूचनेनुसार शिरेतून द्यायच्या सॉर्बिटॉल-फ्रुक्टोजच्या औषधांवर या आजारासाठी ठळक इशारा असतो, आणि दोन वर्षांखालच्या बाळांत निदान झालेलं नसू शकतं म्हणून त्यांना तशी औषधं शक्यतो देत नाहीत. शिरेतून देण्याच्या काही ब्रँडच्या इम्युनोग्लोब्युलिनमध्येही (प्रतिपिंडांचं औषध) स्थिर ठेवायला सॉर्बिटॉल घातलेलं असतं, हे बालरोगतज्ज्ञांनाही कधीकधी आठवण करून द्यावं लागतं.

पुण्याला येतो तेव्हा त्याच्या गळ्यात इंग्रजी कार्ड असतं आणि माझ्या पाकिटात मराठी. तरी आजी म्हणतेच, "एवढासा पेढा, काय होतंय!"

गुळपोळी

बाप रे. हॅम्बुर्गकर, हे अजिबात माहीत नव्हतं. सफरचंद खाल्लं की पोट फुगतं, त्यालाही फ्रुक्टोजचा त्रास म्हणतात ना? तो हाच का?

हॅम्बुर्गकर

नाही. तो आतड्यात नीट न शोषलं जाण्याचा प्रकार. त्रासदायक, पण जिवावरचा नाही. दोघांची नावं सारखी असल्याने घोटाळा होतो आणि लोक आमच्या मुलालाही "माझंही पोट दुखतं हो" म्हणून धीर देतात.

पोटोबा

तो पोट फुगणारा मीच. आयबीएस, म्हणजे आतडं चिडचिडं असण्याचा त्रास. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने जो फॉडमॅप आहार (आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ टाळायचा) लोकप्रिय केला, त्या नावातलं शेवटचं अक्षर पी, म्हणजे पॉलिऑल्स, म्हणजे हीच मंडळी. सफरचंद, नासपती, आलुबुखार यांत सॉर्बिटॉल निसर्गतःच असतं. त्यात अँटासिडची बाटली शुगर-फ्री, च्युइंगगम शुगर-फ्री. गॅससाठी औषध घ्यायचं आणि त्यानेच गॅस धरायचा.

हसू नका, २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्लिनचे दोन रुग्ण छापून आले होते. एक तरुणी, दिवसाला १८ ते २० ग्रॅम सॉर्बिटॉल नुसतं च्युइंगगममधून. सतत जुलाब, ११ किलो वजन उतरलेलं, सगळ्या तपासण्या झालेल्या. च्युइंगगम सोडलं आणि बरी झाली.

खवट

बरं, मानलं. मग डॉक्टर हेही सांगा. मधुमेहात सॉर्बिटॉल साठून मोतीबिंदू होतो असं वाचलंय. म्हणजे वडिलांचं ते खोकल्याचं औषध डोळ्यालाही वाईट?

नेफ्रॉन

चांगला प्रश्न, हा गैरसमज फार आहे. मधुमेहात रक्तातली साखर वाढली की डोळ्याच्या भिंगातल्या पेशी ती साखर आत घेऊन तिथल्या तिथेच तिचं सॉर्बिटॉल बनवतात. ते बाहेर पडत नाही, पाणी ओढतं, भिंग धूसर होतं. हा माल घरच्या घरी तयार होतो. बाटलीतलं सॉर्बिटॉल आतड्यातून अर्धवटच शोषलं जातं आणि ते यकृतात संपतं, भिंगात जाऊन बसत नाही. वडिलांच्या डोळ्यासाठी एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) सांभाळा. 'शुगर-फ्री'चा अर्थ मात्र शून्य साखर-शून्य कॅलरी असा नाही. सॉर्बिटॉलला ग्रॅममागे साधारण २.६ कॅलरी आहेत, आणि याच कुळातल्या माल्टिटॉलने रक्तातली साखर थोडी वाढते.

मधुमेह्यांनी खरं जपायचं ते ग्लिसरॉलला. काचबिंदूचा अचानक झटका येतो, डोळा लाल, कपाळ फुटेल असं दुखतं, तेव्हा डोळ्यातला दाब उतरवायला ते तोंडातून देतात. यकृत त्याचं सरळ ग्लुकोज करतं. म्हाताऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या मधुमेह्यात साखर प्रचंड चढून बेशुद्धी येऊ शकते. अशा वेळी मॅनिटॉलकडे वळावं तर मूत्रपिंड आणि हृदय विचारात घ्यावं लागतं. मधुमेह आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडलेला काचबिंदूचा रुग्ण रात्री दोनला आला की नेत्रतज्ज्ञ आम्हा मूत्रपिंडवाल्यांना फोन करतात.

गिरगावकर

ग्लिसरॉल मी प्यायलोय. लिंबू पिळून, बर्फ टाकून दिलं होतं तरी घशाखाली उतरेना. पाकाहून गोड आणि तेलासारखं बुळबुळीत.

पण ग्लिसरॉल म्हटलं की माझ्या पिढीच्या मुंबईकराला जे.जे. रुग्णालय आठवतं. १९८६. मेंदूतला आणि डोळ्यातला दाब कमी करायला म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळं उघडं पाडलं, आरोग्यमंत्री भाई सावंतांना जावं लागलं. रोज पेपरात तेच असायचं.

फार्मसीवाला

गिरगावकर काका, तो आजार अजून गेलेला नाही. २०२२ मध्ये गांबियात लहान मुलं गेली ती भारतात बनलेल्या सिरपने. २०२५ मध्ये खोकल्याच्या सिरपनेच आजारी पडलेली छिंदवाड्याची मुलं नागपूरला उपचाराला आणली होती. ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि सॉर्बिटॉलचं द्रावण, तिन्हींच्या प्रत्येक पिंपाची या विषासाठी तपासणी व्हायला हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते कारखान्यात. गिऱ्हाइकाने करण्यासारखं एवढंच की पाच वर्षांखालच्या पोराला खोकल्याचं सिरप स्वतःच्या मनाने मागू नये. आम्ही नाही म्हटलं तर लोक शेजारच्या दुकानात जातात, तो भाग वेगळा.

बंड्या_बेळगावकर

अवांतर आहे पण सांगून टाकतो. घरात कुत्रं असेल तर शुगर-फ्री कुठलंच औषध, गोळी, च्युइंगगम त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. झायलिटॉलने माणसाची साखर अशी कोसळत नाही, कुत्र्याच्या अंगात मात्र इन्सुलिन भसकन सुटतंय आणि साखर खाली जाऊन झटके येतात. लिव्हर पण जाऊ शकतंय. आमच्या शेजाऱ्यांनी कुत्र्याला खोकला झाला म्हणून आपलंच सिरप पाजायला काढलं होतं, जनावरांच्या डॉक्टरनी फोनवरच ओरडून थांबवलं.

तिसरा_वार

सासूबाईंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, म्हणून हे नाव. पोटॅशियम वाढलं की पावडर देतात, पाण्यात कालवून. वाळू खाल्ल्यासारखी लागते म्हणे. त्यांना त्याने बद्धकोष्ठ होतं. नात्यातल्या एकांनी सुचवलं की सोबत सॉर्बिटॉलचं सिरप द्या, त्यांच्याकडे पूर्वी तसंच द्यायचे. द्यावं का?

नेफ्रॉन

मनाने देऊ नका. पूर्वी द्यायचे हे खरं, पावडरने खडा धरतो म्हणून सॉर्बिटॉल जोडीला असायचं. पण अशी एक पावडर, सोडियम पॉलिस्टायरीन सल्फोनेट, आणि सॉर्बिटॉल या जोडीने मोठं आतडं सडल्याचे प्रकार नोंदले गेले. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये एकत्र देऊ नका असं औषधाच्या माहितीत घातलं. नुकतंच ऑपरेशन झालेले, आतड्याची हालचाल मंदावलेले, आतड्याला अडथळा असलेले, त्यांना धोका जास्त. डायलिसिस युनिटमध्ये बद्धकोष्ठाचं सांगा, दुसरे उपाय आहेत. मधल्या काळात पोट फुगून दुखलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर थांबू नका.

पोटोबा

आतड्याला अडथळा म्हणालात म्हणून आठवलं. आतड्याच्या सीटी स्कॅनआधी मला मॅनिटॉल पाण्यात मिसळून तासभर घोट घोट पाजलं होतं. त्याआधी टेक्निशियनने दोनदा विचारलं, "वारा सरतोय ना? उलटी नाही ना?" तेव्हा राग आला होता. नंतर मात्र घरापर्यंत पोचेन की नाही अशी अवस्था.

नेफ्रॉन

त्याने बरोबर विचारलं. पुढे रस्ता बंद असेल आणि मागून आपण पाणी ओढणारं औषध भरलं तर आतडं ताणून फुटू शकतं. शिवाय मोठ्या आतड्यातले जंतू मॅनिटॉल आंबवून हायड्रोजन बनवतात. १९७९ मध्ये मॅनिटॉलने पोट साफ करून कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी) विजेने गाठ कापताना आतड्यात स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद आहे. म्हणून कापाकापी असेल तिथे आता दुसरी औषधं वापरतात.

उशिरा_आलेली

सगळा धागा आत्ता वाचला आणि घाबरले. बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे. रोज लॅक्ट्युलोजचं सिरप चालू आहे, तेही गोड आणि त्यानेही जुलाबच होतात. कालपासून दिलेलं नाही. आज ते दुपारभर झोपले आणि आत्ता विचारत होते की सकाळ झाली का.

नेफ्रॉन

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि त्यांच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा. लॅक्ट्युलोज या कुळातलं नाहीच. आणि सिरॉसिसमध्ये ते बद्धकोष्ठासाठी देत नाहीत, आतड्यातला अमोनिया मेंदूपर्यंत जाऊ नये म्हणून देतात. दिवस-रात्रीचा गोंधळ होणं हे अमोनिया चढल्याचं लक्षण असू शकतं. हात पुढे करून पंजे वर ठेवायला सांगा, फडफडतात का बघा, आणि तेही फोनवर सांगा.

फार्मसीवाला

नावात गल्लत होते ती लॅक्टिटॉलशी. ते सॉर्बिटॉलच्या कुळातलं. गॅलेक्टोसेमिया नावाचा जन्मजात आजार असेल तर दोन्ही टाळतात. तुमच्या बाबांचा त्याच्याशी संबंध नाही.

उशिरा_आलेली

फोन लागला. पंजे फडफडत होते. आत्ताचा डोस लगेच द्यायला सांगितलाय, पण गुंगी वाढली तर वाट न बघता, नाहीतर सकाळी अमोनिया आणि सोडियम तपासायला घेऊन या म्हणालेत. दिवसातून दोन-तीनदा मऊ शी होईल इतकंच प्रमाण ठेवायचं, पाण्यासारखी झाली तर कमी करायचं पण बंद नाही. भाऊ गाडी घेऊन निघालाय, रात्री इथेच थांबेल.